१०,००० रुपये आणि एक रिकामं कपाट: शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, पालकांनी काय वाचावं?

खापरीपाटी · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय.

जूनपासून मुख्याध्यापिकेची खुर्ची माझ्याकडे आली. शाळा कोल्हापुरातलीच, पेठेतली, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. शिक्षक आम्ही नऊ जण. आमच्या एक बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी शाल-श्रीफळ घेतलं, भाषण टाळलं आणि पर्समधून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आत १०,००० रुपये. म्हणाल्या, "मुलांना पुस्तकं सगळेच देतात. ही स्टाफला आणि पालकांना घ्या. आणि कपाटाला कुलूप लावायचं नाही."

कपाट आहे. काल उघडलं. दोन पृथ्वीगोल (एकाचा दक्षिण ध्रुव गायब), कधीच्या तरी सर्वेक्षणाचे उरलेले फॉर्म आणि तीन प्रशिक्षणांची मॉड्यूलं. त्यातल्या एका गठ्ठ्याचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. त्या प्रशिक्षणाला मी स्वतः हजर होते, तेव्हा कुणाला नावं ठेवू?

खरं सांगायचं तर डी.एड. झाल्यापासून शिक्षणावरचं एकही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. टाचण, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहार, आज मागवलेली आणि कालच भरायची असलेली ऑनलाइन माहिती, यात दिवस जातो. स्टाफचं तेच. पालक गुजरीत कामाला आहेत, कपिलतीर्थला भाजी विकतात, शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जातात.

तर सुचवा. शक्यतो मराठीत. उपदेश करणारं नको, तो आम्ही दिवसभर करतोच.

---

बिंदूचौक · रविवार, रात्री १०.०५

मॅडम, वाचालाय कोण? आमच्याकडं बी वाचनकट्टा सुरू केल्ता. फीत कापली, फोटो काढले, लिंकवर टाकले. दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावर पोषण आहाराची पोती.

त्यापरीस निम्म्या पैशात स्टाफला झणझणीत मिसळ घाला, उरलेल्यात पंखे दुरुस्त करा. पुस्तकं वाचून कुणी मास्तर होत न्हाई. पोरांत राहून हुतोय.

(रागवू नका. धाग्यावर लक्ष ठेवून हाय.)

---

निवृत्तमास्तर · सोमवार, सकाळी ६.५०

बिंदूचौकभाऊ, पोरांत राहून होतो हे खरं. पण ३४ वर्षं पोरांत राहून पहिल्या वर्षीचाच धडा ३४ वेळा शिकवणारे मास्तर मी पाहिलेत. मीही त्या वाटेला लागलो होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

गगनबावड्याच्या बाजूला नेमणूक होती. शाळेला पत्रे. जुलैत त्यावर पाऊस असा वाजायचा की फळ्यापाशी बोललेलं तिसऱ्या ओळीत पोचायचं नाही. मी घसा ताणून ओरडायचो, पोरं आपापसात खेळायची. केंद्रसंमेलनात एकाच्या पिशवीतून 'दिवास्वप्न' हातात आलं. गिजुभाई बधेकांचं. मूळ गुजराती, १९३०च्या दशकातलं, जेमतेम शंभर पानांचं. गिजुभाई पेशानं वकील. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत आले आणि १९२० साली तिथं बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणत.

पुस्तकातला मास्तर साहेबांची परवानगी काढून चौथीचा वर्ग प्रयोगाला घेतो. मला आवडलं ते हे, की पहिल्याच दिवशी तो सपशेल आपटतो. शांततेचा खेळ घ्यायचा म्हणून खिडक्या-दारं लावून अंधार करतो, आणि त्या अंधारात पोरं नाना आवाज काढायला लागतात. शेवटी बिचारा सुट्टी देऊन टाकतो आणि हेडमास्तरांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सुरू करतो, तेव्हा कुठे वर्ग त्याच्याकडे वळतो.

मी म्हटलं, हा आपल्यातला दिसतोय. दुसऱ्या दिवशी पाऊस आल्यावर ओरडलो नाही. सगळ्यांना भिंतीकडेला माझ्याभोवती गोळा केलं आणि गोष्ट लावली. पावसामुळं पोरांना जवळ सरकावंच लागायचं. त्या वर्षी पावसाळ्यात हजेरी पडली नाही, एवढंच सांगतो. हे गोष्टीमुळं की त्या साली पाणी कमी चढल्यामुळं, ते देव जाणे.

मुख्याध्यापिका म्हणून तुम्ही मात्र आधी पुस्तक वाचू नका, कायदा वाचा. शिक्षणहक्क कायदा, २००९. सगळे त्यावर बोलतात, पण मूळ कलमं वाचलेली माणसं कमी. कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. कलम १३, प्रवेशाला देणगी नाही, मुलाची वा पालकांची चाळणी नाही. कलम २१, शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. कलम २८, शिक्षकानं खाजगी शिकवणी घ्यायची नाही. एका संध्याकाळचं वाचन आहे. छापून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

---

बिंदूचौक · सोमवार, सकाळी ९.१२

२८ नंबरचं कलम वरच्या कप्प्यात ठेवलासा तर कपाटाला कुलूप लागतंय बघा दुसऱ्या दिवशी 😄

मास्तर, पावसाची गोष्ट मात्र पटली.

---

रंकाळाकाठ · सोमवार, दुपारी १.३०

मी शिक्षक नाही. सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो. मुलगी पाचवीत.

या विषयावर मराठीत जे सुचवलं जातं ते बहुतेक 'मुलांवर प्रेम करा' या अंगाचं असतं. ते हवंच. पण मूल लक्षात कसं ठेवतं, विसरतं का, यावर पक्कं संशोधन आहे आणि ते शिक्षकांपर्यंत पोचत नाही. पालकांपर्यंत तर नाहीच.

एक उदाहरण. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि मग तो मिटवून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तर वाचणारे ४० वर आणि आठवणारे ६१ वर. म्हणजे आपण घरात "अजून एकदा वाच" म्हणून जे ओरडतो, त्यानं उद्याची चाचणी निघते आणि पुढच्या महिन्यात पाटी कोरी.

आता मी मुलीला इतिहासाचा धडा एकदाच वाचायला लावतो. मग पुस्तक मिटायचं आणि मला सांगायचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला सगळं येतंय, फक्त आठवत नाही." हे वाक्य मी फ्रिजवर लावलंय.

शिक्षकांसाठी बराक रोझेनशाईन यांचा २०१२ चा एक लेख आहे, नेटवर फुकट मिळतो. आठ-दहा पानं फक्त. तासाची सुरुवात कालच्या उजळणीनं करा, नवं थोडं थोडं द्या, भरपूर प्रश्न विचारा, सगळ्यांना कळलंय का ते पाहूनच पुढे चला. इंग्रजी आहे, पण सोपं. कुणी मराठी करत असेल तर मी मदत करतो.

आणि एक राग. एका शिबिरात माझ्याकडून ३,००० रुपये घेऊन मुलीच्या बोटांचे ठसे घेतले आणि 'ती बघून शिकणारी आहे, ऐकून नाही' असा रंगीत अहवाल हातात ठेवला. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या 'शिकण्याच्या शैली'वरचे अभ्यास तपासले होते आणि शैलीप्रमाणे शिकवलं तर मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नव्हता. हे पानभर वाचन आधी झालं असतं तर ३,००० वाचले असते. माझी मुलगी लावणीपासून पाढ्यांपर्यंत सगळं कानानं उचलते, हे मला ठशांविनाही दिसत होतं. म्हणजे अहवाल त्याच्या स्वतःच्या हिशोबानंही चुकलाच.

---

फडावरचा_मास्तर · सोमवार, रात्री ९.१५

दादा, तुमचं पटलं, पण एक शंका. तो उतारा वाचायला मुलाला आधी वाचता यायला पाहिजे ना?

मी शिरोळ तालुक्यात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं आमच्या वर्गात बसतात, मार्च सरता सरता परत जातात. चार-पाच महिने मिळतात. काही पोरं तिसरीच्या वयाची, पण अक्षराशी ओळख नाही. 'कमळ', 'बदक' महिनाभर गिरवून घेतलं, ढिम्म. कमळ त्यांनी जवळून पाहिलेलंच नव्हतं. बदक तर नाहीच.

तेव्हा मला 'टीचर' हे पुस्तक मिळालं. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर, न्यूझीलंडची बाई, माओरी मुलांना शिकवायची. मूळ पुस्तक १९६३ चं, मराठीत अनुवाद आहे. ती मुलाला विचारायची, तुला आज कुठला शब्द हवा? तो जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी ओळखला तर शब्द त्याचा. नाही ओळखला तर कार्ड फाडून टाकायचं, कारण तो त्याच्या आतला शब्दच नव्हता.

माझ्याकडे कार्ड कुठलं? लग्नपत्रिका गोळा केल्या, मागची कोरी बाजू वापरली. पहिल्या पोराला विचारलं तर गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मुकादम." लिहून दिला. दुसऱ्यानं 'बैल' घेतला. एक पोरगी म्हणाली 'साप', कारण आदल्या रात्री कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, निघाला होता. सगळ्यात बारकी होती तिनं 'ट्रॅक्टर' मागितला. मी जरा थबकलो. जोडाक्षर, त्यावर चंद्र, परत जोडाक्षर, आपल्या क्रमात हे कधी येतं? तरी दिला. दुसऱ्या दिवशी चौघांनी आपापलं कार्ड ढिगातून बरोबर उचललं. 'ट्रॅक्टर'वालीनं तर सगळ्यात आधी. उलट्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा गणपती होता, त्यावरनं ओळखत असेल म्हणून मी गणपतीची बाजू खाली घालूनही पाहिलं. तरी उचललं.

आता दुसरी बाजू. शब्द ओळखला म्हणजे वाचायला आलं असं नाही. 'मुकादम' ओळखणाऱ्याला 'मुका' वाचता येईना. अक्षरं, काना-मात्रा हे सगळं रीतसर करावंच लागलं. फक्त आता ते करायला पोरगं तयार होतं. फलटणला कमला निंबकर बालभवन या शाळेत मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्यावर जे काम केलंय, त्याबद्दल मिळेल ते वाचा. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना दुसरं काही नाही दिलं तरी चालेल.

---

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री ९.५०

सर, 'मुकादम' ओळखणाऱ्याला 'मुका' वाचता येईना, यावर रोझेनशाईन खूश झाले असते. शंका मान्य.

---

दुर्वाची_आई · मंगळवार, दुपारी ३.२०

पालक म्हणून लिहिते. शिवणकाम करते घरी.

मोठीच्या आधीच्या शाळेत पालकसभेत एक यादी वाटली होती. बारा पुस्तकं, सगळी इंग्रजी. बाई म्हणाल्या, "हे वाचल्याशिवाय आजकाल पालकत्व जमत नाही." मी यादी घडी घालून ब्लाउजच्या मापाच्या वहीत ठेवली, ती अजून तिथंच आहे. घरी येऊन काय वाटलं ते सांगता येत नाही. वाटलं, आपण आईच नाही का मग?

तर मॅडम, पालकांना यादी देऊ नका. एखादं पान द्या. खरंच एकच पान, मोठ्या अक्षरात.

पुण्याच्या गरवारे बालभवनच्या शोभा भागवत यांचं 'आपली मुलं' मला धाकटीच्या वेळी एका गिऱ्हाईक ताईंनी दिलं. मी ते सलग वाचलं नाही, मशीनवर बसल्या बसल्या कुठलंही पान उघडायची. सलग वाचलंच पाहिजे असं नाही, हेही कुणीतरी आयांना सांगायला पाहिजे. 'पालकनीती' मासिक १९८७ पासून निघतंय, त्याचे लेख मोबाइलवर वाचता येतात. लेख कधी जड असतात, आणि मोबाइलपेक्षा छापील अंक मशीनशेजारी ठेवलेला बरा. मोबाइल हातात घेतला की मी वाचायला घेते एक आणि बघत बसते दुसरंच.

---

खापरीपाटी · मंगळवार, रात्री १०.१०

दुर्वाची आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीसुद्धा पालकसभेत अशी यादी वाटायचा विचार करत होते. टाईपही केली होती. पुसली.

बाकी सगळ्यांना, लिहीत राहा. मी वहीत उतरवतेय.

---

कपाटवाली · बुधवार, सकाळी ११.००

ग्रंथालयात काम करते, म्हणून जरा हिशोबी बोलते.

पहिली गोष्ट, २५ वेगवेगळी पुस्तकं घेऊ नका. आठ-दहाच घ्या आणि त्यातल्या दोन-तीनच्या तीन-तीन प्रती. पुस्तक एकानंच वाचलं तर त्याच्याबद्दल बोलायला दुसरा मिळत नाही आणि ते तिथंच मरतं. ही गोष्ट मी वीस वर्षं पाहतेय. बाकीची वाचायला शहरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं. शाळेच्या नावानं काही करता येतं का विचारा. विद्यापीठातलं बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही आहे.

दुसरी गोष्ट, आणि हिचा मला राग आहे. धागा कोल्हापूरचा, आतापर्यंत भावनगर झालं, न्यूझीलंड झालं, अमेरिका झाली. लीलाताई पाटलांचं नाव कुणी घेईना? १९८५ साली त्यांनी इथं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ना. सी. फडक्यांची मुलगी ही ओळख त्यांना पुरत नव्हती, त्यांनी स्वतःची केली. २०२० मध्ये गेल्या. 'ऐलमा पैलमा शिक्षण देवा', 'शिक्षणातील ओयासिस', 'लिहिणं मुलांचं शिकवणं शिक्षकांचं'. यातलं शेवटचं तुमच्या भाषाशिक्षकांना द्या. निबंधाच्या वहीत लाल पेन घेऊन बसणाऱ्या माणसाला त्या नावातच सगळं कळावं. मुलाचं लेखन तपासायचं असतं की वाचायचं असतं, एवढा एक प्रश्न डोक्यात शिरला तरी पैसे वसूल.

आणि जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव. जन्म ५ सप्टेंबर १९०७. हो, ५ सप्टेंबर! आपण दरवर्षी शिक्षकदिनाला भाषणं करतो आणि त्याच तारखेला जन्मलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव फळ्यावर लिहीत नाही. त्यांचं लेखन बरंचसं इंग्रजीत आहे आणि सोपं नाही. समता, गुणवत्ता आणि संख्या, या तिन्ही गोष्टी एकदम साधताना आपल्या शिक्षणाची ओढाताण कशी होते, त्यावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. मुख्याध्यापकांनी वाचावं. पट टिकवायचा, दर्जाही राखायचा आणि कुणाला बाहेरही ठेवायचं नाही, हे तुमचं रोजचंच दुखणं आहे.

---

बिंदूचौक · बुधवार, दुपारी १२.४०

५ सप्टेंबरचं आमाला बी ठावं नव्हतं. नाद खुळा.

शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण केलं तवा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना रुपया दंड हुता. आता पुस्तक न वाचणाऱ्या मास्तराला लावा. अनुदान न मागता पंखे दुरुस्त हुतील.

---

फडावरचा_मास्तर · बुधवार, रात्री ८.३०

अजून एक राहिलं. 'प्रिय बाई'. इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीवरच्या आठ पोरांनी मिळून लिहिलेलं पत्र, १९६७ चं. त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला. त्यांना शिकवणारे पाद्री लोरेंझो मिलानी पुस्तक आलं त्याच वर्षी वारले.

पोरांनी आकडे काढून दाखवलेत, की शाळेतून गळतं कोण? शेतकऱ्याचं पोर गळतं, डॉक्टरचं टिकतं. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. राग आला होता. पोरं फार एकांगी आहेत, बाईची बाजूच नाही त्यात. मग वर्गातल्या गळालेल्यांची यादी डोळ्यासमोर आली, आणि परत उघडलं.

स्टाफरूममध्ये हे शेवटी काढा. पहिल्यांदा काढलं तर भांडणं होतील.

---

निवृत्तमास्तर · गुरुवार, सकाळी ६.३०

'तोत्तोचान' कुणीच सुचवलं नाही, कारण सगळ्यांनी गृहीत धरलंय. तरी लिहून ठेवा. जपानच्या तेत्सुको कुरोयानागींनी सांगितलेली, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या आपल्या तोमोए शाळेची गोष्ट. चेतना सरदेशमुख-गोसावींचा अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टचं, त्यामुळं खिशाला हलकं. लोक त्यातले रेल्वेचे डबे लक्षात ठेवतात आणि शाळेला डब्यांचा रंग देतात. भिंतीवर इंजिन काढलं की झाली तोमोए. अहो, मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी त्या पोरीचं बोलणं चार तास ऐकत बसतात, ते वाचा की. रंगाऱ्याला बोलवायला लागत नाही त्याला.

तिचं पाकीट संडासाच्या टाकीत पडतं आणि ती घाण उपसत बसते, तेव्हा ते एवढंच म्हणतात, की झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना? पर्यवेक्षणाला निघालेल्या प्रत्येक साहेबाच्या खिशात ते पान पाहिजे.

---

खापरीपाटी · तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी २.१५

मंडळी, हिशोब द्यायला आले.

सकाळची शाळा सुटल्यावर पहिली बैठक घेतली. पुस्तकं अजून यायची होती, म्हणून टागोरांची 'तोताकहानी' मीच वाचून दाखवली. १९१८ ची गोष्ट, दहा मिनिटांत संपते. राजाला वाटतं पोपटाला शिकवावं. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग होतात, देखरेखीला माणसं नेमली जातात, राजाच्या भाच्यांची चंगळ होते. सगळे म्हणतात शिक्षण झकास चाललंय. पोपटाकडे कुणी बघत नाही. शेवटी तो मरतो आणि राजा बोट लावून बघतो, तर पोटात कागद सळसळतात.

वाचून संपलं आणि कुणी बोलेना. मला वाटलं फसलं. मग पहिलीच्या बाई म्हणाल्या, "आपल्यात भाचा कोण?" हसण्याचा स्फोट झाला. पण नंतर तासभर बोललो. माझ्या कारकिर्दीत स्टाफरूममध्ये वेतन आयोग सोडून इतर विषयावर एवढी चर्चा झालेली आठवत नाही. सातवीच्या सरांनी मात्र स्वच्छ सांगितलं, की गोष्टी वाचून स्कॉलरशिपचा निकाल लागत नाही. त्यांना मी रंकाळाकाठ यांनी सांगितलेला तो आठवण्याचा प्रयोग कागदावर लिहून दिला. त्यांनी तो वाचला की खिशात ठेवला, माहीत नाही. पण परवा त्यांच्या वर्गावरून गेले तर पुस्तकं मिटलेली होती आणि मुलं पाटीवर काहीतरी आठवून लिहीत होती. मी आत गेले नाही.

कपाटात आत्ता 'दिवास्वप्न' तीन प्रती, 'तोत्तोचान' तीन, 'टीचर' दोन, लीलाताईंची तिन्ही, 'प्रिय बाई' एक (ती मी मागे ठेवलीय, सांगितल्याप्रमाणे), 'आपली मुलं' दोन, 'पालकनीती'ची वर्गणी. कायद्याची छापील प्रत वरच्या कप्प्यात. पृथ्वीगोल तिथंच आहेत, ते टाकवत नाहीत.

पालकांना पुस्तक न देता पान द्यायचं ठरलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढंच: रात्री दप्तर बंद केल्यावर मुलाला विचारा, आज काय शिकलास ते न बघता सांग. चुकलं तर रागवू नका. सही मागितली नव्हती, तरी चाळीस-एक पालक सही करून घेऊन आले. सवय. एका आईनं पानाच्या मागे लिहिलंय, "सांगतोय, पण सगळं मधल्या सुट्टीतलंच सांगतोय."

आणि कुलूप नसल्याचा परिणाम: 'टीचर'ची एक प्रत गायब. नोंदवही ठेवलीय, दोरीनं पेन बांधलंय, पण नोंद नाही. शिपाईमामा म्हणतात, कुणीतरी वाचत असेल. दुसऱ्या प्रतीवर आतापासूनच हळदीचा डाग आहे.

६४० रुपये उरलेत. काय घेऊ?

---

बिंदूचौक · शनिवार, दुपारी ३.००

मिसळ.

---

कपाटवाली · शनिवार, दुपारी ४.४५

काही घेऊ नका. 'टीचर'ची दुसरी प्रत गेली की लागतील.